लोंबीची तारीख

चर्चचे बहुतेक सण रोमहून ठरून येतात. ८ सप्टेंबर पवित्र मारियेच्या जन्माचा, ७ ऑक्टोबर जपमाळेच्या मातेचा, २ नोव्हेंबर मृतांचा. या तारखा व्हॅटिकनमध्ये ज्या, त्याच वांद्र्यात. मात्र आम्हा ईस्ट इंडियन लोकांच्या धर्मग्रामांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि तो रविवार कुठल्याही संताच्या नावावर नाही. भाताच्या वाणांवर नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला तो रविवार बोटांवर मोजता येतो.

मुंबईत पाऊस धरतो १० जूनच्या आसपास. तेव्हा टाकलेलं हळव्या भाताचं बी शंभर ते एकशेदहा दिवसांत तयार होतं. मोजून पाहा, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा येतो. पुढचा रविवार आगेराचा. निमगरवं भात त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, गरवं थेट नोव्हेंबरकडे. ज्यांनी कुणी हा रविवार धरला, त्यांना मिस्सा लॅटिनमध्ये ऐकावी लागत होती, पण शेत नीट वाचता येत होतं. शेजारच्या हिंदू घरांतली नव्याची पुनव, म्हणजे आश्विन पौर्णिमा, याच दिवसांत पडते. दोघांच्या खाचरात वाण तोच, मग दुसरं होणार काय?

८ सप्टेंबरला मात्र आमच्याकडे शेतात खाण्याजोगं काही नसतं. वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीचा सण होतो, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. मेणाचे हात-पाय नि मेणाची घरं वाहायला सगळ्या जातिधर्मांची माणसं रांगा लावतात. त्या वेळी इथलं हळवं भात निसवून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. दाणा नखाने दाबला तर पांढरं दूध येतं. मंगळुरी कॅथलिक मात्र याच दिवशी मोंती फेस्त करतात. नऊ दिवस मुलं मारियेला फुलं वाहतात, शेवटच्या दिवशी लोंब्या आशीर्वादित होतात आणि घरी नवे दाणे वाटून दुधात किंवा नारळाच्या रसात घालून जेवणाआधी सगळ्यांना घोटघोट दिले जातात. तिथे पाऊस आधी पोचतो, आणि वळवाच्या सरींच्या भरवशावर पेरलेलं एखादं खाचर तेवढी मूठभर लोंबी देऊ शकतं. गोव्यात तर राय गावाचा कणसांचा सण ५ ऑगस्टला, ताळगावचा २१ ऑगस्टला. इतक्या लवकर दाणा कितपत भरला असेल, याबद्दल माझ्यातल्या कृषीवाल्याला शंका आहे. पण गावाला पहिल्या लोंबीचा मान हवा असतो, वजन नव्हे. विधी एकच, आणि तारीख ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत गावागणिक सरकते. पंचांग एवढं लवचीक असू शकतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आगेराची लोंबी कापायलाही अक्कल लागते. भाताची लोंबी शेंड्याकडून पिकत खाली येते. पूर्ण वाळलेली घेतली तर मिरवणुकीत बँडच्या मागे चालता चालता अर्धे दाणे रस्त्यावर. म्हणून शेंडा सोनेरी आणि बुडाकडचे दाणे अजून हिरवट, अशी बघून घ्यायची. विळा हातभर खाली लावायचा आणि वरचं पान तसंच ठेवायचं, जुडी बांधायला ते बरं पडतं. लुगडं नेसलेल्या, दागिने घातलेल्या बायका जुड्या घेऊन चर्चकडे निघतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात. मिस्सा संपली की प्रत्येक घरी एक-दोन लोंब्या जातात आणि आल्तारावर क्रुसाच्या मागे खोचल्या जातात. आमच्या घरी गेल्या वर्षीची काढून तिचे दाणे चिमण्यांना टाकायची रीत होती.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी रोज वेगळ्या घरी रोझरी, नंतर चणे नाहीतर केळी. भक्ती होतीच, पण आमच्या लहानपणी कापणीची सावडही तिथेच ठरे. आज रोझरी संपल्यावर सोसायटीच्या पार्किंगची चर्चा होते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. शेजाऱ्यांना एकमेकांची गरज लागते तोवर विषय कुठलाही चालेल.

२ नोव्हेंबरला कबरी साफ करून झेंडू वाहायचे, मेणबत्त्या लावायच्या. दिवाळी जवळ असली की झेंडूचा भाव ऐकून जिवंत माणूसही गार पडतो. गरव्याची कापणी त्याच सुमाराला असल्याने माणसं शेतातून उठून थेट दफनभूमीत येत. वसईकडे खरी चैन त्यानंतर, कार्तिक वद्य एकादशीला भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेत. जत्रा हिंदूंची, पण ख्रिस्ती कुटुंबंही सुकेळी घ्यायला जातात, कारण तोवर भात घरात आलेलं असतं.

आता अडचण पावसाची आहे. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरली जाई. हवामान खात्याने २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. म्हणजे आगेराचा रविवार पावसानंतर पडत होता, तो कागदोपत्रीही पावसात गेला. शेतात याचा अर्थ असा, की पिकलेलं हळवं भात आडवं होतं, ओलीत राहिलं तर दाण्याला लोंबीवरच कोंब फुटतात. असली लोंबी आल्तारावर कोण खोचणार?

धर्मग्रामाच्या सभेत मी सुचवलं, की सण तिसऱ्या रविवारी घ्या, रोमला विचारायचं कारण नाही. फादरांची हरकत नव्हती. हरकत निघाली ती बाकीच्यांची. आसपासची गावठाणं पहिल्याच रविवारी करतात, पाहुणे ठरलेले, बँडला विसार दिलेला. शिवाय एकाने विचारलं, निम्म्या गावठाणांत खाचर उरलं आहे कुठे, लोंब्या बाहेरूनच येतात ना? येतात खऱ्या, पण ज्या शेतातून येतात तिथेही पाऊस पडतोच.

मग राहिला वाणाचा उपाय. बुटकं, ताठ खोडाचं आणि पिकल्यावर दोन-तीन आठवडे दाण्याला सुप्तावस्था असलेलं हळवं भात लावलं, तर भिजूनही लगेच कोंब येत नाही. ज्यांची खाचरं अजून शाबूत आहेत, त्यांच्यासाठी असं बी शोधायचं काम सभेने माझ्यावर सोपवलं आहे. तारखेचा विषय पुढच्या सभेत.