बंडाचा बंदोबस्त

माळवा जिंकणं तसं सोपं. तो पचवणं जड जातं. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या संगणकावरच्या खेळात परका सुभा ताब्यात आला की त्याच्या कपाळी तीस वर्षांची फुटीर वृत्ती लिहिली जाते. सुरुवातीला असंतोषात पंधराची भर पडते आणि पुढे ती दरसाल अर्ध्या अंकाने उतरते. त्यात प्रजा परधर्मी असेल, लढाया लांबून राज्य थकलं असेल, झेपेल त्याहून जास्त मुलूख एका घासात गिळला असेल, तर आकडा चढत जातो. सुभ्यावर माऊस नेला की कशापायी किती वाढलं आणि कशाने किती घटलं, हे ओळीने दिसतं. मुनीमजींनी रोजकीर्द वाचावी तसा मी ते वाचतो.

स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्सने २०१३ साली आणलेला हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. आदल्याच दिवशी वार्नाच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी ख्रिस्ती फौज बुडवलेली असते. निर्मात्यांची नजर कुठे आहे ते नावातच कळतं. पण नकाशा अख्ख्या जगाचा आहे, आणि मराठी माणूस तो उघडून आधी दख्खन शोधतो. तिथे बिदरला बहमनी सुलतान, खाली विजयनगर, वर खानदेश, माळवा आणि गुजरात. शिवजन्माला अजून १८५ वर्षं अवकाश. मी बहमनी घेतो.

मग व्हायचं ते होतं. तुंगभद्रेच्या काठी विजयनगराशी जुंपलेली असताना इकडे घाटमाथ्यावर बंडाची पट्टी भरत येते, आणि तिच्यावर नाव असतं ‘मराठी सेपरेटिस्ट’. आपण पुण्यात बसून मराठी बंडखोरांचा बंदोबस्त करायचा, तोही बिदरच्या तख्तासाठी! सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. नंतर होत नाही. खजिना आणि शिपायांचा आकडा समोर दिसायला लागला की माणूस कुणाच्याही तख्ताचा इमानी चाकर होतो. बखरीतली बरीच माणसं यामुळे मला जास्त कळायला लागली.

ही पट्टी कशी भरते, तेही पाहण्यासारखं आहे. असंतोष शून्याच्या वर गेला की दर महिन्याला एक फासा पडतो. तो विरुद्ध पडला की पट्टी दहा टक्क्यांनी पुढे सरकते, आणि शंभर भरले की फौज उभी राहते. त्याआधी हाताशी काही उपाय असतात. लष्करी गुण खर्चून कडक कारवाई केली तर पट्टी तीस टक्के मागे जाते, पण तेच गुण तोफा-बंदुका सुधारायला हवे असतात. मागण्या मान्य करता येतात. किंवा त्या सुभ्याची स्वायत्तता पंचवीस टक्क्यांनी वाढवून असंतोष दहाने खाली आणता येतो. मग तिथला महसूल आणि शिपाई त्या मानाने कमी मिळतात, आणि हा निर्णय लवकर फिरवता येत नाही.

मुरलेले खेळाडू बरेचदा यांतलं काहीच करत नाहीत. ते बंड होऊ देतात. एकदा उठाव होऊन मोडला गेला की त्या सुभ्यात पुढची काही वर्षं सामसूम असते, म्हणून त्याची वेळ मात्र आपण ठरवायची. मीही आता हेच करतो. पट्टी नव्वदवर आली की विजयनगराशी मिळेल तो तह करून टाकायचा, दमलेल्या पलटणी माघारी आणून त्यांचं मनोधैर्य भरू द्यायचं, सगळं सैन्य शेजारच्या सुभ्यात उभं करायचं आणि स्पेसबारवर बोट ठेवून पहिल्या तारखेची वाट पाहायची. बंडखोर उभे राहिले की पुढच्या दोन-चार आठवड्यांत निकाल लागतो. अशा वेळी त्यांच्याकडून कुणी बोलायला येत नाही. त्यांच्यातला कुणी फुटून आपल्याकडे येत नाही. गावच्या पाटलाला मधे घालता येत नाही.

इथे या खेळाशी माझं भांडण आहे. शेतकरी, सरदार, तोतये वारस, धर्मवेडे, फुटीर असे बंडखोरांचे नाना प्रकार त्यात आहेत, पण बहुतेक सगळे जमिनीतून उगवतात आणि पटावर सोंगटी होऊन उभे राहतात. खरं बहमनी राज्य अशा बंडांनी बुडालं नाही. ते जन्मलंच बंडातून: मुहम्मद तुघलकाविरुद्ध उठलेल्या अमिरांपैकी हसन १३४७ मध्ये दौलताबादेला तख्तावर बसला. पुढे मंत्री महमूद गावानने रोग बरोबर ओळखला होता. त्याने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या आणि तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाने थेट किल्लेदार नेमावेत अशी व्यवस्था केली. ज्यांचे हात यामुळे बांधले गेले त्यांनी त्याच्या नावाचं बनावट पत्र सुलतानापुढे ठेवलं. १४८१ मध्ये सुलतानाने त्याला मारवलं. नऊ वर्षांत जुन्नरच्या मलिक अहमदने स्वतंत्र कारभार मांडला, विजापूर आणि वऱ्हाडही सुटले. ज्यांनी बंड मोडायचं तेच बंडखोर झाले होते.

बरोबर दोनशे वर्षांनी, जानेवारी १६८१ मध्ये, आणखी एका पत्राने याच्या उलट काम केलं. शहजादा अकबर राजपुतांच्या बळावर स्वतःला बादशहा म्हणवून अजमेरवर चालून आला, तेव्हा औरंगजेबाजवळ फौज थोडी होती. त्याने मुलाला शाबासकीचं पत्र लिहिलं, राजपुतांना छान जाळ्यात आणलंस म्हणून, आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. रातोरात राजपूत निघून गेले. बंड संपलं, दुर्गादास राठोडाने अकबराला संभाजी महाराजांकडे पोचवलं, आणि त्याच वर्षी दख्खनेत उतरलेला बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. खेळात शत्रूच्या राज्यातल्या बंडखोरांना पैसा पुरवता येतो, तोतया वारसही निघतो. खोटं पत्र मात्र लिहिता येत नाही.

‘मागण्या मान्य’ या बटणाचंही तसंच. फुटीरांची मागणी मान्य केली की मुलूख हातचा जातो आणि नकाशावर त्याचा रंग बदलतो. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा आणल्या तेव्हा दख्खनच्या सहा सुभ्यांचा रंग कुठे बदलला? सुभे बादशहाचेच राहिले. शाहू महाराजांनी त्याच्या चाकरीला पंधरा हजार फौज ठेवायची आणि त्या सुभ्यांच्या महसुलाची चौथाई घ्यायची, असं ठरलं. एक सुभा एक रंग, या हिशोबात हे बसत नाही. त्यातल्या त्यात जवळचं बटण म्हणजे ते स्वायत्ततेचं. त्याने महसुलातले नेमके पंचवीस टक्के हातचे जातात. स्टॉकहोममध्ये कुणी चौथाईचा विचार करून हा आकडा ठरवला असेल असं वाटत नाही, पण मी ते बटण दाबताना मनात तेच म्हणतो, आणि हल्ली कडक कारवाईपेक्षा तेच जास्त दाबतो.

सध्याच्या डावात १४९० उलटून गेलं आहे आणि जुन्नरचा टापू अजून बिदरच्याच रंगात आहे. सरदारवर्गाची निष्ठा मात्र तिशीच्या खाली घसरली आहे. पुढच्या महिन्यात त्यांना काही तरी हक्क बहाल करावे लागतील, आणि त्यासाठी गावानसारखा मंत्री असूनही उपयोग नाही, कारण तो नको म्हणेल.