कपाळावरच्या आठ्या

नांदेड

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. नवी शाळा, लातूरहून रोजची ये-जा, सगळं वाचून बरं वाटलं. पण पालावरून येणाऱ्या त्या पोराबद्दल तू लिहिलंस ते मनाला लागलं. मागं बसतो, आठ्या घालून बघत राहतो, नजर खुनशी आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याची जात. ती ओळ तुला तिथंच का लिहावीशी वाटली?

अमेरिकेत ह्युगेनबर्ग आणि बोडेनहाउझेन या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या लोकांना पडद्यावर चेहरे दाखवले. रागीट चेहरा हळूहळू हसरा होत जाई, आणि राग कधी सरला ते त्यांनी सांगायचं. ज्यांच्या मनात काळ्यांविषयी अढी जास्त, त्यांना काळ्या चेहऱ्यावरचा राग जास्त वेळ टिकलेला दिसला. गोऱ्या चेहऱ्यांबाबत तसं झालं नाही. पुढं 2020 मध्ये एमी हॅल्बरस्टाट यांचा अभ्यास आला, तो तर होऊ घातलेल्या शिक्षकांवरच. रागावलेली नसताना रागावलेली समजली गेलेली मुलं काळी जास्त होती. तू आणि मी मास्तरकी करणारी माणसं, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आपल्याकडं नसलेला राग दाखवायचं हे काम रंगापेक्षा जात आणि वस्ती करतात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमाती जन्मानंच चोर ठरवल्या. कायदा 1952 साली रद्द झाला, संशय मात्र गावागावांत राहिला. तुझ्या लातूरजवळच्याच धनेगावचे लेखक लक्ष्मण गायकवाड अशाच एका जमातीतले. त्यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अजून वाचलं नसशील तर या सुट्टीत वाच. आणि धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठव. 1 जुलै 2018 ला भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्या पाच तोंडांवर जमावानं काय वाचलं असेल, या विचारानं आजही झोप उडते.

"तोंडावरूनच कळतं" असं शाळाशाळांत सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या वर्गात वडारवस्तीतलं एक पोर होतं. फळ्यावरचा 'घ' आणि 'ध' त्याला सारखाच दिसे, म्हणून ते डोळे बारीक करी, कपाळाला आठ्या पडत. आधीच्या वर्गात त्याच आठ्यांपायी त्यानं उद्धट म्हणून मार खाल्ला होता. विचारलं कुणीच नव्हतं.

तुझ्या पोराचं कारण वेगळंही असेल. उपाशी येत असेल, रात्रीची झोप झाली नसेल. एकदा पालावर जाऊन त्याच्या आईशी बोल. उद्यापासून त्याला पहिल्या बाकावर बसव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की त्याचे डोळे नीट तपासून घे, आणि काय निघालं ते मला कळव.

तुझा,
मामा