एक वाचणारा, सगळे ऐकणारे

आमच्या घरातल्या पिढीला वाचनाची गोडी लागली ती कानांनी. रत्नागिरीच्या घरात रात्रीची जेवणं आटोपली की माजघरात एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे हातातलं काम करत ऐकायचे. मे महिन्यात काकू आणि आत्या रातांबे फोडत बसलेल्या, आजी वाती वळत असलेली. पुस्तक नगर वाचनालयाचं. हे वाचनालय 1828 सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. आम्हाला मात्र त्याच्या वयापेक्षा पुस्तक परत करायची तारीख महत्त्वाची. वर्गणी काकांच्या नावावर, पुस्तक एक आणि वाट बघणारे सात-आठ, त्यामुळे मोठ्याने वाचणं हाच त्यातला मार्ग.

श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' असाच पुन्हा पुन्हा वाचला गेला. 1952 सालची ही कादंबरी दापोलीकडच्या मातीतली, त्यामुळे त्यातली माणसं ओळखीची वाटायची. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कोण कुठे काय बोललं ते तिला नेमकं आठवायचं. "थांब रे, मागचं परत वाच. गाडी पकडायची आहे का?" असं म्हणून ती वाचणाऱ्याला अडवायची. बापू आणि राधेवरून तिचं नि काकूचं हमखास जुंपायचं. सासूसुना एरवी ज्या गोष्टी एकमेकींपाशी कधीच बोलल्या नसत्या, त्या राधेच्या आडून बोलल्या जायच्या. आम्हा मुलांना तेव्हा ते भांडण वाटे. आज वाटतं, त्या दोघींना मन मोकळं करायला तेवढीच जागा होती.

मुंबईचा पेपर एसटीतून यायचा तो शिळा होऊन, तरी ओटीवर त्याचं साग्रसंगीत वाचन व्हायचं. चाकरमान्यांनी आणलेले दिवाळी अंक शिमग्यापर्यंत हातोहात फिरत. तोवर मुखपृष्ठ शाबूत राहिलं तर नवल. 1977 मध्ये रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि आपल्या गावाचं नाव रेडिओतून ऐकताना ऊर भरून आला. सेल उतरले की काका ते खळ्यात उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरती धुगधुगी मिळवायचे.

वाचन टीव्हीने बुडवलं असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. 1987 मध्ये 'रामायण' लागायचं तेव्हा शेजारपाजार धरून सगळे एकाच खोलीत असत आणि मालिका संपल्यावर कैकेयीवर तासभर चर्चा चाले. घर विखुरलं ते पडदा तळहाताएवढा झाल्यावर. आमची मुलं कमी वाचतात असंही नाही. दिवसभर वाचतच असतात. पण कोण काय वाचतंय ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही, मग त्यावर वाद कुठून होणार? याचं मला खरंच वाईट वाटतं.

आत्या आता ऐंशी पार केलेली, दृष्टी अधू झालेली. पुण्याची चुलत बहीण रोज रात्री तिला फोन लावते आणि एक प्रकरण वाचून दाखवते. फोन स्पीकरवर असल्याने वहिनीलाही स्वयंपाकघरात ऐकू जातं. परवा नायिकेने माहेर सोडलं तेव्हा वहिनी तिथूनच म्हणाली, "बरोबर केलं तिने." आत्या उसळली. बहीण फोन धरून बसली होती, पण त्या रात्री पुढचं पान काही वाचून झालं नाही.