हान आणि फू

दिवसभर जमाखर्च लिहिणाऱ्या मुलाने संध्याकाळी खेळातही हिशेबच शोधावा, याचे घरच्या मंडळींना हसू येते. पण जपानी माहजोंगने मला हा नाद लावला खरा. मूळचा चिनी, चौघांचा, १३६ सोंगट्यांचा हा खेळ. जपानने तो उचलला आणि गुण मोजण्याची स्वतःची रीत घडवली. खेळ मला आठवड्यात आला. गुणांचा हिशेब यायला दोन महिने लागले.

जिंकलेल्या डावात दोन गोष्टी मोजायच्या. हान म्हणजे डावाचा दर्जा, फू म्हणजे त्यातले बारीकसारीक. जिंकल्याबद्दल मुळात २० फू. हात झाकलेला ठेवून दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकलात तर आणखी १०. दोन ते आठ आकड्यांचे झाकलेले त्रिकूट ४ फूंचे, उघडे २ फूंचे. एक्का, नव्वा, वारे किंवा ड्रॅगन असतील तर त्याच्या दुप्पट. बेरीज वरच्या दहावर न्यायची. पुढे प्रत्येक हानागणिक गुण दुप्पट.

माझे घोडे अडले ते इथेच. ३० फूंचा, एका हानचा डाव १००० गुणांचा. दोन हानचा २००० चा. मग तीन हानचा ४००० चा हवा. मोबाइल दाखवी ३९००. का, ते सांगत नसे.

वसतिगृहातला माझा जोडीदार कन्नड माध्यमातून आलेला. मी मराठीत विचारी, तो कन्नडमध्ये उत्तर देई, आकडे कागदावर. 'मूवत्तु' म्हणत त्याने ३० लिहिले. तीस फू नेहमीच दोनदा दुप्पट करायचे, म्हणजे १२०. एका हानसाठी आणखी एकदा, २४०. सोंगटी टाकणारा त्याच्या चौपट देतो, म्हणजे ९६०. वरच्या शंभरावर नेले की १०००. दोन हानचे १९२०, म्हणून २०००. तीनचे ३८४०, म्हणून ३९००. दुप्पट होते ती खऱ्या आकड्याची. पूर्णांक करायचा तो शेवटी, एकदाच. पाच हानला तर फू बघायचेच नाहीत, सरळ ८०००. पूर्वेच्या जागी बसलेला जिंकला तर दीडपट.

हे कळल्यावर खेळच बदलला. शेवटच्या डावात पहिला खेळाडू ७००० गुणांनी पुढे असेल, तर ३९०० चा हात पुरतो का? त्याच्याकडूनच मिळाला तर पुरतो; माझे तेवढे वाढतात, त्याचे तेवढे घटतात, फरक ७८०० चा. तिसऱ्याकडून मिळाला तर नाही.

मराठी शाळेतून इंग्रजी वर्गात आलेल्या मुलाला शंका येत नाहीत असे नाही. त्या इंग्रजीत विचाराव्या लागतात. फळ्यावरचे उत्तर उतरवून घेणे सोपे असते. आता मात्र ते उत्तर मला मोबाइलवरच्या ३९०० सारखे दिसते. परवा कॉस्टिंगच्या तासाला मी हात वर केला. इंग्रजी मोडकेच होते. सरांनी फळा पुसला आणि गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडले. मागच्या बाकावरच्या तिघांनी वह्या उघडल्या.