मोंढ्यातला झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बीडला पोहोचलो, तेव्हा बिंदुसरेच्या पुलापासूनच रस्ता केशरी दिसू लागला. टेम्पो, हातगाड्या, अंथरलेली पोती, जिकडे पाहावे तिकडे झेंडूच्या राशी. अवर्षणाच्या या मुलखात थोड्या पाण्यावर, दोन-अडीच महिन्यांत हाती येणारे हे फूल शेतकऱ्याला जवळचे वाटले तर नवल नाही. मात्र त्याचा सारा हिशेब दसरा-दिवाळीवर. सकाळी चढलेला भाव संध्याकाळी कोसळतो आणि उरलेला माल रस्त्याच्या कडेलाच टाकून जावे लागते.

मोंढ्यात मामाजींची आडत आहे. दसऱ्याला तेथे काट्याला, वजनांना, वह्यांना झेंडू वाहतात. दाराला आंब्याच्या पानांसह तोरण. ही रीत अनादि वाटते; पण फूल मूळचे मेक्सिकोचे, समुद्रमार्गे आलेले. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी याच फुलांनी पूर्वजांच्या स्मरणाची वेदी सजवितात; त्याचा रंग नि गंध घरी परतणाऱ्या आत्म्यांना वाट दाखवितो, अशी श्रद्धा. आपल्याकडे तो उंबऱ्यावर लक्ष्मीची वाट पाहतो. मराठी रसिकांनी मात्र त्याला गुलाब-मोगऱ्याच्या पंक्तीत कधी बसविले नाही. अत्र्यांनी आपल्या विडंबनकवितांच्या संग्रहाला ‘झेंडूची फुले’ हे नाव दिले, ते काही उगीच नव्हे.

आपल्या घरांत हा प्रश्न अधिक नाजूक. मूर्तिपूजक श्वेतांबरांच्या अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा आहे. दिगंबर तेरापंथी फुलांऐवजी केशरी अक्षता वाहतात. स्थानकवासी परंपरेत मूर्तिपूजाच नाही. फूल एकेंद्रिय जीवाचे. त्यातही, ज्याला आपण झेंडूचे एक फूल म्हणतो, तो वनस्पतिशास्त्रानुसार असंख्य चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो.

मामीजी स्थानकवासी घरातल्या. तोरण बांधताना त्यांनी विचारले, “स्थानकात फूल नेत नाही, मग दुकानाच्या दाराला का लागते?” मामाजी नुसते हसले.

दसऱ्याच्या संध्याकाळी दुकानासमोर एक शेतकरी उरलेली दोन पोती रस्त्यावर ओतू लागला. मामाजींनी त्याला थांबवून दोन्ही पोती सकाळच्या भावाने घेतली. मामीजी काही बोलल्या नाहीत. फुले गच्चीवर वाळत घातली. त्यांचे बी धरून पावसाळ्यात परसात पेरायचे, आणि त्या झाडांचे एकही फूल तोडायचे नाही, अशी त्यांची अट होती.