बत्तिशीबाहेरचा दांत

मनुष्याचे दांत ३२, ही गोष्ट आपल्या भाषेनें इतकी गृहीत धरली आहे कीं, सगळ्या दंतपंक्तीला 'बत्तिशी' म्हणून ती मोकळी झाली. दुधाचे दांत २० आणि पुढें कायमचे ३२, हा निसर्गाचा हिशेब खरा. पण त्याच्याही हातून कधीं कधीं एखादा दांत जास्त घडतो. दुधाचा दांत पडण्यापूर्वींच मागून नवा डोकावला, म्हणजे लोक 'दांतावर दांत आला' म्हणतात. तो मात्र जास्तीचा नव्हे, हिशेबांतलाच.

माझ्या धाकट्या भावाचे, बंडूचे, वरचे पुढचे दोन दांत सातव्या वर्षीं पडले. उजवीकडे नवा दांत आला. डावी जागा नऊ वर्षें पुरीं झालीं तरी रिकामीच. "येईल हो, घाई कसली?" असें आजी म्हणे. इकडे वर्गांत त्याला 'खिडकी' हें नांव पडलें, आणि खदखदून हंसणारा आमचा बंडू ओठांवर हात धरून हंसूं लागला. आईला हें फार लागे.

शेवटीं बाबांनीं त्याला दंतवैद्यांकडे नेलें. मीही सोबत होतें. क्ष-किरणांच्या चित्रांत पाहतों तों डावा दांत हाडांत तयार होऊन बसलेला, आणि त्याच्या वाटेंत सुळक्यासारखा एक चिमुकला दांत, तोही उलटा, नाकाकडे टोक केलेला! वरच्या दोन मधल्या दांतांमध्यें उगवणाऱ्या या दांताला 'मेसिओडेन्स' म्हणतात, आणि जास्तीच्या दांतांत हाच सर्वांत अधिक आढळतो. कित्येकदां तो बाहेर येतच नाहीं. त्यानें काय अडविलें यावरूनच त्याचा पत्ता लागतो.

आजीनें तें ऐकून देवाला हात जोडले. असला दांत अपशकुनी, अशी तिची समजूत. दंतवैद्यांनीं तिला मोठ्या सौजन्यानें समजाविलें, "आजी, दांतांचे अंकुर ज्या पट्टीपासून फुटतात, तिनें जरा अधिक काम केलें कीं एखादा अंकुर जास्त फुटतो. शंभरांत एक ते तीन माणसांना असें होतें, आणि मुलींपेक्षां मुलग्यांना सुमारें दुप्पट." आजीची किती खात्री पटली कोण जाणे, पण पुढें अपशकुनाची गोष्ट निघाली नाहीं.

हाडांतून दांत काढावयाचा म्हणून आईला दोन रात्री झोप नव्हती. प्रत्यक्षांत हिरडी बधिर करून अर्ध्या तासांत काम झालें, आणि भुईमुगाच्या दाण्याएवढा तो पाहुणा डबींत घालून आम्ही घरीं आणला. सात महिन्यांनीं डाव्या हिरडींतून पांढरी कड दिसूं लागली. बंडू दिवसांतून दहादां आरशापुढें!

इ. स. २०१४ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत बुलढाणा जिल्ह्यांतील १७ वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यांतून २३२ दंतसदृश कण काढण्यांत आले. ती एक प्रकारची गांठ होती. तिची जात निराळी. पण दांत घडविण्याची शक्ति मर्यादा विसरली म्हणजे काय होतें, तें त्यावरून कळतें.

मला अधिक नवल वाटलें तें जपानांतील शोधाचें. 'यूसॅग-१' नांवाचें एक प्रथिन दांतांच्या वाढीला आवर घालतें. तें ज्यांच्यांत नसतें अशा उंदरांना जास्तीचे दांत येतात. हाच धागा धरून शास्त्रज्ञांनीं त्या प्रथिनाला रोखणारें औषध तयार केलें, आणि इ. स. २०२४ मध्यें क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयांत माणसांवर त्याची चाचणी सुरू झाली. ज्यांना जन्मतःच दांत कमी, त्यांना नवा दांत यावा, हा त्यामागील हेतु.

माझ्या एका मैत्रिणीच्या जबड्यांत दोन दांतांचे अंकुरच नाहींत. तिला ही हकीकत सांगितली, तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "बंडूचा तो दांत टाकला तर नाहीं ना ग? मला एकदां पाहूं दे."