नाव नसलेला राक्षस

१९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते आणि प्रत्येक भागात पंधरा चित्रपट होते. तीत संतांची चरित्रे असणार हे उघडच होते. परंतु कलाविभागात 'नोस्फेरातू' हे नाव पाहून आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि तेच नाव पुन्हा वाचले. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ साली काढलेला हा मूकपट रक्तपिपासू पिशाच्चाची कथा सांगतो. "फादर, रोमला आता भुतंसुद्धा चालतात का?" असे त्यांनी आम्हांस विचारले.

प्रश्न थट्टेचा असला तरी विचार करण्याजोगा आहे. चित्रपट माणसाला बिघडवू शकतो तसाच घडवूही शकतो, हे पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालच्या आपल्या 'व्हिजिलान्ती कुरा' या विश्वपत्रात सांगितलेच होते. तेव्हा भुताखेतांचा चित्रपट आहे एवढ्यानेच नाक मुरडण्याचे कारण नाही. विचारावयाचे ते असे की, जुन्या काळ्यापांढऱ्या राक्षसपटांवर लोकांचे एवढे प्रेम का जडते? आज ते पाहून भय वाटत नाही, हे त्यांवर प्रेम करणारेही कबूल करतात. भय सरले तरी जे उरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा त्या पडद्याकडे ओढते, ते आहे तरी काय?

आमचे बालपण जालन्याच्या परिसरात गेले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. जत्रेला तंबूतली टॉकीज येई. जमिनीवर बसावयाचे, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. गर्दी झाली की पडद्याच्या मागील बाजूसही लोक बसत. तिकडे नायकाची तलवार डाव्या हातात दिसे, पण त्याने कोणाचे काही बिघडत नसे. अशाच एका तंबूत आम्ही 'बीस साल बाद' पाहिला. १९६२ सालचा हा चित्रपट आमच्यापर्यंत पोहोचेतो पुरता झिजला होता. पडद्यावर पावसासारख्या रेघा पडत होत्या. हवेली, धुके, रात्री ऐकू येणारे लताबाईंचे गाणे! परतताना बाभळीच्या प्रत्येक झाडाखाली आम्ही वडिलांचा सदरा घट्ट धरीत होतो आणि पुढच्या जत्रेत तोच चित्रपट यावा अशी मनोमन प्रार्थनाही करीत होतो.

पुढे घरोघरी दूरदर्शन आले, पण आमच्या खेड्यांत कितीतरी वर्षे संच काळेपांढरेच होते. त्यावर रंगीत चित्रपटही काळापांढराच दिसे. त्यामुळे काळ्यापांढऱ्या चित्राविषयी आम्हांला परकेपणा वाटला नाही. त्याहून जुनी ओळख होती ती कंदिलाची. वात थोडी हलली की भिंतीवर आजीची सावली छपरापर्यंत चढे आणि तिच्या तोंडची मुंजाची गोष्ट त्या सावलीतून चालू लागे. 'नोस्फेरातू'मध्ये जिन्याच्या भिंतीवरून चढणारी ती लांब बोटांची सावली पुढे पाहिली, तेव्हा आम्हांला जर्मनी आठवली नाही, आजीची भिंत आठवली. रंगीत चित्र सगळे सांगून टाकते. काळेपांढरे चित्र अर्धे सांगते. उरलेले अर्धे पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घालावयाचे असते. ज्यात आपली भर पडते ते आपले वाटू लागते. या प्रेमाचे हे एक कारण असावे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. 'महल' असो, 'बीस साल बाद' असो की 'वह कौन थी?' असो, आपल्याकडील या जुन्या चित्रपटांत भूत अखेरीस खोटे ठरते आणि पांढऱ्या साडीआडून माणूस बाहेर येतो. पाश्चात्त्य राक्षसपटांत भूत खोटे ठरत नाही. तरीही तेथे त्या राक्षसाच्या आत माणूस सापडतो.

१९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने दोन चित्रपट काढले. वर्षाच्या आरंभी 'ड्रॅक्युला' आणि अखेरीस 'फ्रँकेन्स्टाइन'. तरुण मंडळी आम्हांला हमखास विचारतात ते पहिल्याविषयी. "फादर, क्रूस दाखवला की तो खरंच पळतो का?" आम्ही सांगतो की, क्रूस हे ताईतासारखे वापरण्याचे साधन नव्हे, ज्याने भयाने गांजलेल्यांसाठी प्राण दिला त्याची ती खूण आहे. करणी झाली म्हणून पवित्र पाण्याची बाटली मागण्यास येणाऱ्यांनाही आम्ही आधी बसवून घेतो, झोप येते का, जेवण जाते का, घरात कर्ज किती, हे विचारतो आणि पुष्कळदा डॉक्टरांकडे पाठवितो. मग प्रार्थना करतो. काउंट ड्रॅक्युलाची भूमिका करणारे बेला लुगोसी १९५६ साली वारले. त्यांना कॅलिफोर्नियातील होली क्रॉस या कॅथलिक दफनभूमीत ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरण्यात आले. क्रूसाला भिणारे पात्र रंगविणारा माणूस अखेरीस क्रूसाच्याच सावलीत विसावला, याचे आम्हांस नेहमी समाधान वाटते.

परंतु आमचे खरे प्रेम दुसऱ्या चित्रपटावर. मेरी शेली या तरुणीची कादंबरी १८१८ सालची. तीवरून जेम्स व्हेल यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून एक देह घडवितो, त्यात प्राण फुंकतो आणि जे उठून उभे राहिले त्याचे रूप पाहून त्याच्याकडे पाठ फिरवितो. निर्माता होण्याची हौस त्याला आहे, पिता होण्याची तयारी नाही. त्या जीवाला तो साधे नावही देत नाही. चित्रपटाच्या आरंभी नटांची नावे येतात, तेथे राक्षसापुढे केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. ती भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफ यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्यांचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ महसूल खात्यात नोकरीला होते. असा आपल्या मुलखाशी दुरून नाते सांगणारा हा नट जाड मुखलेपाखालून केवळ डोळ्यांनी आणि हातांनी बोलतो. छताचे झाकण उघडून वरून प्रकाश येतो तेव्हा तो राक्षस तो प्रकाश धरण्यासाठी दोन्ही हात वर करतो. प्रार्थनेची मुद्रा आम्ही पुष्कळ पाहिल्या. इतकी निष्पाप क्वचितच.

पुढे तळ्याकाठी त्याला एक लहान मुलगी भेटते. तिचे नाव मारिया. ती त्याला भीत नाही; हाती फुले देते, आणि दोघे ती पाण्यावर सोडून तरंगताना पाहतात. फुले संपतात. हीही फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो, आणि मग काय झाले ते कळून भेदरून पळतो. त्या काळी हे दृश्य फार भयंकर म्हणून मधूनच कापण्यात आले. ते पुन्हा जोडले गेले १९८० नंतरच्या दशकात. मधल्या काळात प्रेक्षकांना दिसत होते ते एवढेच: राक्षसाने मुलीकडे हात नेला आणि नंतर बापाच्या हातांवर तिचे प्रेत आले. कापलेल्या दृश्यामुळे तो होता त्याहून कितीतरी अधिक क्रूर ठरला. गावातील कुजबुजही असेच कापकाम करीत असते. घटना अर्धी सांगावयाची आणि उरलेली ऐकणाऱ्याच्या भीतीवर सोडावयाची.

१९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हा पुढील भाग आला. त्यात रानातील झोपडीत एक आंधळा वैरागी व्हायोलिनवर 'नमो मरिया'ची सुरावट वाजवीत असतो. जखमी राक्षस आत येतो. आंधळ्याला त्याचे रूप दिसत नाही, केवळ दुःख जाणवते. मित्र पाठविल्याबद्दल तो देवाचे आभार मानतो, त्याच्यापुढे भाकर आणि द्राक्षारस ठेवतो आणि त्याला 'मित्र' हा शब्द शिकवितो. राक्षसाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. दृश्य अंधारात विरू लागते, तेव्हा भिंतीवरील क्रूस मात्र क्षणभर उजळलेला राहतो. त्यानंतर बंदुका घेतलेले डोळस लोक येतात आणि सारे संपते. या दोन चित्रपटांत राक्षसाला जवळ करणारे दोघेच: एक लहान मूल आणि एक आंधळा. कार्लॉफ यांना मुलांची पत्रे येत आणि त्यांत राक्षसाविषयी भीतीपेक्षा करुणाच अधिक असे, असे ते सांगत. १९५७ साली अमेरिकेत हे जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर येऊ लागले, तेव्हा मुलांच्या एका नव्या पिढीनेही त्यांना असेच आपलेसे केले. मोठ्यांना जे उमगत नाही ते मुलांना उमगते, हे आपल्या प्रभूनेच सांगून ठेविले आहे.

वाचकहो, मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय या प्रकाशात पाहा. गरसेकरांच्या प्रदेशातील तो मनुष्य थडग्यांमध्ये राहतो, साखळ्या तोडतो, रात्रंदिवस ओरडतो. कोणत्याही राक्षसपटाला शोभावे असेच ते वर्णन आहे. लोकांनी त्याच्यासाठी केले काय, तर बेड्या घडविल्या. प्रभू येशू त्याच्यापुढे उभे राहून त्याला नाव विचारतात. पुढे तो माणूस वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला दिसतो, तेव्हा गावकरी आनंदित होत नाहीत. ते भितात आणि प्रभूलाच निघून जाण्यास विनवितात. गावाला राक्षस हवा असतो. तो असला की आपण माणसे आहोत याची खात्री वाटते.

हे सारे आम्ही लिहीत आहोत त्याला एक कारण घडले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत तरुण मंडळींच्या आग्रहावरून सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून 'फ्रँकेन्स्टाइन' दाखविला. संवाद इंग्रजी, जेथे अडे तेथे आम्ही उभे राहून मराठीत सांगत होतो. तास-सव्वा तासाचा चित्रपट, पण मुले जागची हलली नाहीत. अखेरीस गावकरी मशाली घेऊन धावतात आणि पवनचक्कीला आग लावतात, तेव्हा मागून एक पोर ओरडले, "अरे, सोडा ना त्याला!" कित्येकांचे डोळे ओले झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुले एका बाईला पाहून ओरडत पळाली. आमच्या धर्मग्रामातील एका वस्तीच्या टोकाला ही विधवा एकटी राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी रॉकेलचा स्टोव्ह भडकून तिचा चेहरा आणि एक हात भाजला. पोरे तिला हडळ म्हणतात. आया तिचे नाव सांगून लेकरांना झोपवितात. म्हणजे नाव नव्हे, ते टोपणनावच. कोणाच्या म्हशीचे दूध आटले की बोट तिच्याकडे जाते. असा आळ घेणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि मंत्राने जनावराचे दूध आटविल्याचा आरोपही त्या कायद्यात नमूद आहे. कायदा वस्तीला वाचून दाखविला आहे. भीती मात्र कायदा वाचत नाही.

आम्हांला अधिक बोचले ते वेगळेच. आमच्या या वस्त्या एके काळी गावकुसाबाहेर होत्या. वेशीबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, सावलीचाही विटाळ मानला जाणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. अशा वस्तीनेही आपल्या टोकाला आणखी एक वेस उभारावी? चादरीवरील राक्षसासाठी रडणे स्वस्त असते. तो चादरीतून उतरून पाणी मागावयास येत नाही. या जुन्या चित्रपटांवरील प्रेमाचा कस येथेच लागतो.

त्या रविवारी धर्मशिक्षण वर्गात आम्ही उपदेश केला नाही. चित्रपटातील प्रश्नचिन्हाची आठवण तेवढी करून दिली. स्नानसंस्काराच्या आरंभी धर्मगुरू आईबापांना सर्वांत आधी काय विचारतो, असे विचारले. "बाळाचं नाव," मुलांनी सांगितले. वर्ग सुटल्यावर प्रथम कम्युनियनची तयारी करणारी एक मुलगी मागे थांबली. "फादर, त्या टोकाच्या मावशीचं नाव काय हो?"

आम्ही कपाटातून स्नानसंस्काराची जुनी नोंदवही काढली. आमच्या एका पूर्वसुरींच्या तिरप्या अक्षरांत, फिकट झालेल्या शाईत ते नाव होते. आईबापांची नावे, धर्ममातेचे नाव, सारे व्यवस्थित. मुलीने बोट ठेवून ते दोनदा वाचले. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तिने रस्त्यावरून त्या नावाने, पुढे मावशी लावून, हाक मारली. ती बाई थांबली. आपल्यालाच बोलाविले की काय, याची तिला खात्री होईना. तिने मागे वळून पाहिले, मागे कोणी नव्हते.

एका हाकेने वस्ती बदलत नाही. तिला अजूनही हडळ म्हणणारे आहेत आणि म्हशींचे दूध अजूनही तिच्यामुळेच आटते. पूर्वी आम्ही पवित्र कम्युनियन तिच्या घरी घेऊन जात असू. आता ती मिस्साला येते, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते आणि तिच्याशेजारी दोन-तीन मुली बसतात. 'फ्रँकेन्स्टाइन' संपताना नटांची नावे पुन्हा एकदा पडद्यावर येतात आणि या वेळी प्रश्नचिन्हाच्या जागी माणसाचे नाव असते. मुलांना हे आम्ही मुद्दाम दाखविले होते. त्या बाईचे नाव येथे छापण्याचे कारण नाही. वस्तीतील लेकरांना ते आता ठाऊक आहे.